घरात नवजात बाळ: पहिले ४२ दिवस सोपे कसे करायचे?

बाळ जन्मले की घरात पेढे येतात, पाहुणे येतात, फोनवर सल्ले येतात. येत नाही ती झोप. बाळ दर दोन-तीन तासांनी उठते, लंगोट भिजत राहतात, आईचे टाके दुखत असतात आणि घरातले रोजचे काम काही थांबत नाही. बीड जिल्ह्यात त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: पाण्याची टंचाई आणि ऊसतोडीचा हंगाम.

हे दिवस सोपे करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय दुकानात मिळत नाही. तो म्हणजे कामाची वाटणी. बाळाला अंगावर पाजणे हे एकच काम असे आहे जे फक्त आई करू शकते. बाकी प्रत्येक काम दुसऱ्या कोणालाही जमते. ही वाटणी कशी करायची, कोणत्या रीती पाळायच्या, कोणत्या सोडायच्या आणि दवाखान्यात कधी धावायचे, ते पाहू.

सव्वा महिना आणि ४२ दिवस

मराठवाड्यात बाळंतिणीने सव्वा महिना घरातच राहायचे, जड काम करायचे नाही, अशी रीत आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, ते याच कारणासाठी. वैद्यकशास्त्रही बाळंतपणानंतरचा काळ सहा आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा धरते. या काळात गर्भाशय पूर्वीच्या आकारावर येते, जखमा भरतात आणि बाळाच्या भुकेप्रमाणे दूध येऊ लागते. बाळासाठी पहिले २८ दिवस सर्वांत नाजूक असतात. ‘नवजात’ हा शब्द त्याच २८ दिवसांसाठी वापरतात.

म्हणजे आईला विश्रांती द्यायची, यावर आजी आणि डॉक्टर यांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते शेगडी, घुटी, मध आणि काजळ यांवर. त्याकडे पुढे येऊ.

आशाताईंच्या सहा भेटी

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशा कार्यकर्ती घरी सहा वेळा येते: ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात भेटी होतात. ती बाळाचे वजन करते, ताप मोजते, नाळ पाहते, बाळ नीट पिते का ते बघते आणि आईचीही विचारपूस करते. याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून केंद्र सरकारने आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

घरच्यांनी या सहा तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवाव्यात. मनात येणारे प्रश्न कागदावर टिपून ठेवले, तर एका भेटीत सगळ्यांची उत्तरे मिळतात. प्रत्येक शंकेसाठी फोनवर व्हिडिओ शोधत बसावे लागत नाही.

कोणते काम कोणाचे?

घरात जेवढी माणसे असतील तेवढ्यांत ही यादी वाटून घ्यावी. भिंतीवर लावली तर रोज सांगावे लागत नाही.

वडील: रात्रीचे लंगोट बदलणे, पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, पाणी भरणे, औषधे आणि कागदपत्रे.

आजी किंवा घरातली दुसरी मोठी बाई: बाळाची आंघोळ आणि मालीश, आईचे जेवण. दुपारी आई झोपलेली असताना बाळ सांभाळणे.

आजोबा, दीर, नणंद: कपडे धुणे आणि वाळवणे, मोठ्या भावंडाला शाळेत सोडणे, पाहुण्यांची ऊठबस.

शेजारी आणि नातेवाईक: बघायला येताना खेळण्याऐवजी एका वेळची भाजी-भाकरी आणली, तरी घराला मोठा हातभार लागतो.

पाहुण्यांसाठी वेळ ठरवून द्यावी, उदाहरणार्थ संध्याकाळी ५ ते ६. सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि बाळाचे मुके घेऊ नयेत. हे सांगण्याची जबाबदारी वडिलांनी किंवा आजोबांनी घ्यावी. सुनेने पाहुण्यांना अडवणे सोपे नसते.

दूध: घड्याळापेक्षा बाळाकडे लक्ष

जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी लावावे. सुरुवातीचे पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. ते पिळून टाकून देऊ नये. त्यात रोगांपासून बचाव करणारे घटक भरपूर असतात.

त्यानंतर दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. रडणे हे भुकेचे शेवटचे लक्षण आहे. बाळ तोंड उघडून मान वळवू लागले, मूठ चोखू लागले की लगेच घ्यावे. रडून लाल झालेले बाळ नीट पीत नाही आणि आईचीही दमछाक होते.

‘दूध पुरत नाही’ ही शंका जवळपास प्रत्येक घरात येते. त्याची परीक्षा सोपी आहे. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसाकाठी सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. साधारण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्माच्या वजनाएवढे होते. तसे झाले नाही तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावे.

सहा महिने फक्त आईचे दूध. बीडचा पारा उन्हाळ्यात चाळिशीपार जातो, तरीही बाळाला वरून पाणी देण्याची गरज नसते, कारण आईच्या दुधात पाणी पुरेसे असते. उन्हाळ्यात बाळ थोडे जास्त वेळा पिईल, एवढेच. पाणी जास्त लागते ते आईला. पाजायला बसताना तिच्याजवळ भरलेला तांब्या ठेवावा.

रात्र कशी काढायची?

नवजात बाळ दिवसातून १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. त्यामुळे रात्रभर झोपेल ही अपेक्षा सोडून देणे, हीच पहिली सोय.

संध्याकाळीच एक टोपली भरून ठेवावी: आठ-दहा लंगोट, दोन दुपटी, एक झबले, पुसायला मऊ कापड, ओल्या कपड्यांसाठी वेगळी बादली, विजेरी आणि आईसाठी पाणी. अंधारात शोधाशोध झाली नाही, तर बाळ आणि आई दोघेही लवकर झोपतात. रात्री मोठा दिवा लावू नये, बाळाशी खेळू नये. पाजावे, लंगोट बदलावा, झोपवावे.

बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे. तोंडाजवळ उशी, जाड गोधडी किंवा सैल पांघरूण नको. डास चावू नयेत म्हणून मच्छरदाणी वापरावी. बंद खोलीत अगरबत्ती किंवा डासांची कॉइल जाळू नये.

आईची झोप रात्री पुरी होत नाही, ती दिवसा भरून काढावी लागते. बाळ झोपले की तिने झोपावे. त्या वेळी तिचा फोन दुसऱ्याकडे द्यावा. अभिनंदनाचे फोन संध्याकाळी घेतले तरी चालतात.

आंघोळ, कपडे आणि पाणी

पहिली आंघोळ जन्मानंतर निदान २४ तास तरी घालू नये. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला, वजन वाढून डॉक्टर सांगेपर्यंत, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसून घेणे पुरते. रोज न्हाऊ घातलेच पाहिजे असेही नाही. टँकरच्या पाण्यावर घर चालत असेल तर एक दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी अंग पुसणे, यात बाळाचे काही बिघडत नाही. मान, काख आणि जांघेच्या वळ्या मात्र रोज स्वच्छ कराव्यात.

नाळेला काहीही लावू नये: हळद नाही, तेल नाही, राख नाही. ती कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते. लंगोट नाळेच्या खाली बांधावा. बेंबीभोवती लाली, पू किंवा वास आला तर दवाखाना गाठावा.

लंगोटांसाठी जुनी मऊ सुती लुगडी आणि धोतरे उत्तम. पंधरा-वीस लंगोट असले तर दिवसातून एकदाच धुणे काढता येते आणि पाणी वाचते. शीचे लंगोट आधी थोड्या पाण्यात वेगळे खळबळून घ्यावेत, मग सगळे एकत्र साबणाने धुवावेत. शेवटचे खळबळलेले पाणी अंगण शिंपायला किंवा संडासात टाकायला वापरता येते. पण पाणी वाचवण्याच्या नादात हात धुण्यात काटकसर नको. पाजण्याआधी आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणे, हा बाळाला आजारापासून वाचवणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ऊन आणि थंडी

पत्र्याचे घर मे महिन्यात तापते आणि डिसेंबरच्या पहाटे गार पडते. नवजात बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब सांभाळता येत नाही. बाळाचे पोट आणि तळपाय हाताला सारखेच कोमट लागले तर ठीक. पोट कोमट पण तळपाय गार असतील तर थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर ताबडतोब छातीशी घ्यावे आणि दवाखान्याची तयारी करावी.

थंडीत टोपडे, मोजे आणि मोठ्या माणसापेक्षा एक कपडा जास्त घालावा. कमी वजनाच्या बाळासाठी ‘कांगारू’ पद्धत फार उपयोगी पडते. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे घालून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून दुपटे पांघरायचे. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आणि आज जगभर वापरली जाते. त्यासाठी ना वीज लागते, ना पैसा.

उन्हाळ्यात उलटे करावे. एक सुती झबले पुरे. दुपारी बाळाला पत्र्याखाली न ठेवता घरातल्या सर्वांत गार जागी ठेवावे. पंखा चालेल, वारा थेट तोंडावर नको. लोकरीचे टोपडे उन्हाळ्यात काढून ठेवावे. जास्त गुंडाळल्यानेही बाळाचे अंग तापते.

कोणत्या रीती ठेवायच्या, कोणत्या सोडायच्या?

ठेवाव्यात अशा: आईची विश्रांती, गरम ताजे जेवण, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा, हलक्या हाताने बाळाची मालीश. यांनी आईला ताकद मिळते, घराला आनंद मिळतो. सोबत डाळ, पालेभाजी, दूध, अंडी, फळे असे सगळे खाऊ द्यावे. ‘बाळाला बाधेल’ म्हणून आईचे पाणी आणि भाजी तोडू नये.

सोडाव्यात अशा:

मध चाटवणे. एक वर्षापर्यंत मध देऊ नये. त्यातल्या काही जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

घुटी. सहाणेवर उगाळताना पाणी, सहाण, बोट यांतून जंतू पोटात जातात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको.

काजळ. काही काजळांत शिसे असते, शिवाय बोटाने डोळ्यात जंतू जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती तळपायाला लावावी.

बाजेखालची शेगडी आणि धुरी. बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसांना त्रास देतो, आणि निखाऱ्यांचा विषारी वायू आईच्याही जिवावर बेतू शकतो. शेकायचे असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून आईने वापरावी.

कानात-नाकात तेल घालणे, बाळाची छाती पिळणे. दोन्हींनी जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आजीला ‘हे चूक आहे’ असे म्हणण्यापेक्षा मालीश आणि आंघोळ तिच्या हाती सोपवून, मध आणि घुटीबद्दलची गोष्ट आशाताईंच्या तोंडून सांगितली, तर घरात वाद होत नाही.

फडावर जायचे असेल तर

बीडच्या हजारो घरांना सव्वा महिना मिळतच नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल घेतलेली असते. मग ओली बाळंतीणही पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचटाच्या कोपीत जाऊन राहते. नोकरदार महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते. फडावर मात्र न केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत.

शक्य असेल तर आईने निदान ४२ दिवस गावी थांबावे. तेवढे दिवस कोयत्याला दुसरा जोडीदार मिळतो का, हे उचल घेतानाच मुकादमाशी बोलून घ्यावे. जावेच लागले तर पुढील तयारी करावी.

माता व बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाचे कार्ड, आणि दवाखान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवावेत. देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रावर ते कार्ड दाखवून बाळाची लस मोफत मिळते.

निघण्याआधी गावच्या आशाताई आणि अंगणवाडीताईंना कुठे जातो ते सांगावे. तळ पडला की तिथल्या आशाताईंचा नंबर आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र विचारून ठेवावे.

चूल कोपीच्या बाहेर, बाळापासून लांब मांडावी. पाचट क्षणात पेटते.

बाळाला उसाच्या सरीत, बैलगाडीखाली किंवा ट्रॅक्टरजवळ झोपवू नये. सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर नवजात बाळ सोडणे धोक्याचे आहे. तळावरच्या चार-पाच कुटुंबांनी मिळून एखादी वयस्कर बाई मुलांपाशी थांबवली, तर सगळ्यांचीच सोय होते.

पाजायला येणे शक्य नसेल तर आईने हात धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवावे. गार सावलीत ते साधारण चार तास टिकते, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावे. पाजताना बाटली नको, उकळलेली वाटी आणि चमचा वापरावा.

आईकडेही बघा

बाळाला बघायला सगळे येतात, आईला विचारायचे राहून जाते. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या गोळ्या रोज दोन घ्यायच्या असतात. त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जोराची डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, पोटरीला सूज आणि दुखणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नये.

पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे साहजिक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी राहिली, बाळाजवळ जावेसे वाटेनासे झाले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मुलगी झाली म्हणून टोमणे मारले जात असतील तर हा त्रास वाढतो. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. त्या जिल्ह्यात हे मोकळेपणाने बोलायलाच हवे. मनाच्या त्रासासाठी ‘टेलीमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते.

लगेच दवाखाना कधी?

बाळात यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये:

दूध पिणे बंद होणे किंवा एकदम कमी होणे

झटके येणे

शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे

अंगाचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, किंवा ३५.५ हून कमी

बाळ मलूल पडणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे

पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होणे. कोवळे ऊन हा अशा काविळीवरचा उपचार नाही.

१०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मिळते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातली दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. नेताना बाळाला छातीशी धरून न्यावे आणि पिता येत असेल तर वाटेत पाजत राहावे.

कागद आणि पैसे

जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करावी. बाळ दवाखान्यात जन्मले तर तिथूनच नोंद होते, घरी जन्मले तर ग्रामपंचायतीत कळवावे. बारसे बहुधा बाराव्या दिवशी होते, त्यामुळे नाव त्याच नोंदीत घालता येते. राहिले तरी वर्षभरात विनाशुल्क घालता येते.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात.

लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, कुटुंबाचे रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असल्यास, जन्मानंतर ५,००० रुपये आणि १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीताईंकडे करता येतो.

लसी: जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस ‘बी’. पुढच्या लसी सहा आठवड्यांनी. म्हणजे आशाताईंची ४२व्या दिवसाची शेवटची भेट आणि बाळाच्या पुढच्या लसीचा दिवस बरोबर येतात. त्याच भेटीत जवळच्या लसीकरण सत्राची तारीख विचारून घ्यावी, आणि त्या दिवशी बाळाला घेऊन जायचे काम कोणाचे, तेही यादीत लिहून टाकावे.